खाड्यांचा हिशेब

खारघरमधील आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या खिळ्यावर वर्षभर लटकलेले कालनिर्णय ३१ डिसेंबरच्या रात्री खाली उतरते आणि ते रद्दीत जाण्यापूर्वी एकदा चाळण्याची सवय मला आईमुळे लागली आहे. तारखांच्या चौकटींत निळ्या बॉलपेनने लिहिलेले असते: 'दूध नाही', 'अर्धा लिटर कमी', 'मावशी रजा', 'गॅस लावला'. महिनाअखेरीस दूधवाल्याचे पैसे चुकते करायचे तर खाडे तेवढे मोजावे लागतात. ज्या सत्तावीस-अठ्ठावीस दिवशी पिशवी वेळेवर दाराला अडकवलेली होती, त्या दिवसांच्या चौकटी कोऱ्याच राहतात. व्यवहारापुरती ही पद्धत निर्दोष आहे. परंतु आपला मेंदूही वर्षाचा हिशेब बऱ्याच अंशी असाच ठेवतो आणि म्हणूनच 'यंदा काय विशेष झाले?' असे कोणी विचारले की दुखणी आणि खर्च आधी आठवतात.

या हिशेबाची एक स्पष्ट झलक मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग विद्यापीठात माकडांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाली. माकडाच्या तोंडात अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब पडला की त्याच्या मध्यमेंदूतील डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी एकदम सक्रिय होत. दिवा लागला की रस मिळतो हा क्रम सवयीचा झाल्यावर मात्र त्या पेशी दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा स्वस्थ राहिल्या. पुढचा भाग अधिक बोलका आहे: दिवा लागूनही रस आला नाही, तर रस येण्याच्या नेमक्या क्षणी त्यांची सक्रियता नेहमीच्या पातळीच्याही खाली घसरे. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेला अर्थ असा, की या पेशी बक्षीस मोजत नाहीत, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक मोजतात. आलेल्या दुधाची नोंद नाही, खाड्याची मात्र चोख आहे. डोपामिनला सरसकट 'आनंदाचे रसायन' म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती म्हणूनच मला खटकते. त्याचे हे काम हिशेबनिसाचे अधिक आहे.

अर्थात याच हिशेबनिसामुळे आपण शिकतो. जे अपेक्षेप्रमाणे घडते त्यात शिकण्यासारखे काही नसते, आणि देवघरातील उदबत्तीचा वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो म्हणूनच गॅसवर करपणारे दूध लगेच कळते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठवड्यात निव्वळ बसून येण्यासाठी माणसे मुलाबाळांसह अकरा स्थानकांची फेरी मारून येत होती. आज त्याच डब्यात बहुतेकांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या असतात आणि गाडी पाच मिनिटे उशिरा आली की तेवढ्यापुरती मेट्रोची आठवण होते. उत्सव चौकात रिक्षासाठी ताटकळत काढलेल्या संध्याकाळी कोणाच्या हिशेबातच उरलेल्या नाहीत.

सुखाला सरावण्याच्या या प्रवृत्तीवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. लॉटरी लागलेले २२ जण स्वतःला इतरांपेक्षा फारसे अधिक सुखी समजत नव्हते. शिवाय मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद ऐकणे अशा रोजच्या गोष्टींत त्यांना वाटणारा आनंद इतरांपेक्षा कमी होता. हा अभ्यास सांगताना अनेकदा असे ठोकून दिले जाते, की अपघातात अपंगत्व आलेले लोकही अखेर तितकेच सुखी झाले. मूळ निष्कर्ष तसा नाही. त्या गटाने नोंदवलेले सुख स्पष्टपणे कमी होते, शिवाय अभ्यासही लहानसाच होता. सरावण्यालाही मर्यादा असते, आणि नोकरी गेल्यासारखे काही घाव पुढे दीर्घकाळ जाणवत राहतात.

सिडकोच्या घरांच्या सोडतीत नाव लागणे किंवा गृहकर्जाचा शेवटचा हप्ता फिटणे हे आपल्याकडचे मैलाचे दगड. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या १९९८ मधील अभ्यासात अमेरिकी प्राध्यापकांनी कायम नेमणुकीमुळे आपण किती सुखी होऊ याचा जो अंदाज केला होता, तो प्रत्यक्षाहून बराच फुगलेला निघाला. सोडतीच्या घरात पहिल्या रात्री दूध उतू घालणाऱ्या कुटुंबाला सहा महिन्यांनी पार्किंगची जागा अधिक सतावते, यात कृतघ्नता नाही; मेंदूची अपेक्षा एक पायरी वर सरकलेली असते, इतकेच.

नव्या वर्षाचा इथे संबंध येतो तो दोन विरुद्ध बाजूंनी. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रिस यांनी २०१४ मध्ये दाखवले, की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या आरंभी गूगलवर 'डाएट' या शब्दाचा शोध आणि व्यायामशाळेतील हजेरी या दोन्ही गोष्टी वाढतात, कारण अशा तारखा जुन्या चुका मागे टाकल्याची भावना देतात. आपल्याकडे तर जानेवारीत निसटलेल्या संकल्पांना गुढीपाडव्याची आणखी एक संधी असते. तथापि संकल्पांची यादी म्हणजे पुन्हा खाड्यांचीच यादी: जे झाले नाही तेवढेच तिच्यात येते.

कोऱ्या चौकटींचे काय करावे, यावर मला सर्वांत उपयुक्त वाटलेला अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टिंग झँग आणि सहकाऱ्यांचा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी अलीकडचे एखादे संभाषण, नुकतीच ऐकलेली गाणी असा किरकोळ ऐवज लिहून बाजूला ठेवला आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा वाचला. वाचताना वाटलेली उत्सुकता त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा बरीच अधिक होती. जोडीदार असलेल्या लोकांना एक सामान्य दिवस आणि व्हॅलेंटाइन डे अशा दोन्ही दिवसांबद्दल लिहायला सांगितले, तेव्हा अंदाज अधिक चुकला तो सामान्य दिवसाबाबत. विशेष दिवस लक्षात राहतोच. साधा दिवस पुसला जातो, म्हणून तो परत सापडल्यावर नवा वाटतो, आणि मेंदूला तर अनपेक्षिताचीच आवड.

दर आठवड्याला कृतज्ञतेच्या काही गोष्टी लिहिण्याचा रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ मधील प्रयोगही प्रसिद्ध आहे, मात्र पुढील अभ्यासांत त्याचा परिणाम माफकच आढळला. शेली गेबल यांचे २००४ मधील निष्कर्ष मला अधिक पटतात: चांगली घटना दुसऱ्याला सांगितली, की त्या दिवशीचा आनंद मूळ घटनेच्या वाट्याहूनही अधिक वाढतो, आणि ऐकणाऱ्याने मनापासून रस घेतला तर नाते बळकट होते.

गेल्या वर्षी मी खाड्यांच्या खाली अधूनमधून एक ओळ लिहीत गेलो. जूनमधल्या एका चौकटीत 'अर्धा लिटर कमी' याखाली लिहिले आहे: 'मेट्रोतून डोंगर हिरवा दिसला. मुलगी खिडकीला नाक लावून बसली.' लिहिताना ते अगदीच फुटकळ वाटले होते. ३१ तारखेला मी ते मोठ्याने वाचले, तेव्हा मुलीने 'मी नाही, आजीने लावलं होतं नाक' असा वाद घातला, आई हसत हसत 'हो, मीच ती' म्हणाली, आणि ऑगस्टपर्यंत पोहोचेस्तोवर रात्रीचा एक वाजला.