गोल्डमन, जेन

(११ जून १९७०). ब्रिटिश पटकथाकार, लेखिका आणि दूरचित्रवाणी निवेदिका. सोळाव्या वर्षी ‘डेली स्टार’ या दैनिकातून पत्रकारितेला सुरुवात. १९८८ मध्ये निवेदक जोनाथन रॉस यांच्याशी विवाह. १९९० च्या दशकात किशोरवयीनांसाठी पुस्तके आणि ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेतल्या गूढ विषयांवरचे दोन खंड लिहिले. २००० मध्ये ‘ड्रीमवर्ल्ड’ ही कादंबरी आली. २००३ पासून ‘लिव्हिंग’ वाहिनीवर त्यांनी ‘जेन गोल्डमन इन्व्हेस्टिगेट्स’ हा अतींद्रिय गोष्टींचा शोध घेणारा कार्यक्रम सादर केला.

पडद्यावर त्यांचे नाव पटकथाकार म्हणून आले ते २००७ मध्ये, ‘स्टारडस्ट’मुळे. नील गेमन यांच्या मूळ कादंबरीत चेटकिणीशी शेवटची लढाई होतच नाही. पानावर ते शोभते, पण दोन तास पाठलाग पाहिलेल्या प्रेक्षकाला ते अपुरे वाटले असते. म्हणून चित्रपटात लढाई आली. दिग्दर्शक मॅथ्यू वॉन यांच्यासोबत पुढे ‘किक-ॲस’ (२०१०) आणि ‘किंग्जमन’ लिहिले गेले; ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’च्या (२०११) पटकथेवर दोघांसह चार लेखकांची नावे आहेत. ‘किक-ॲस’ची कॉमिक मालिका पूर्ण व्हायच्या आतच पटकथेचे काम सुरू झाले होते. त्यामुळे दोन्हींत मोठी तफावत आहे: कॉमिकमधला बिग डॅडी हा मुखवटाधारी नायक खोटा भूतकाळ सांगणारा हिशेबनीस निघतो, चित्रपटात तो खरोखरच माजी पोलीस आहे.

त्यांचे कसब सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘द वूमन इन ब्लॅक’मध्ये (२०१२). सुझन हिल यांच्या १९८३ च्या भूतकथेच्या कादंबरीत वकील किप्स कित्येक वर्षांनंतर स्वतःच हकिगत सांगतो; म्हणजे तो वाचला हे वाचकाला आधीपासून ठाऊक असते. हे निवेदन तसेच ठेवले असते, तर पडद्यावर भीतीची धारच गेली असती. गोल्डमन यांनी ते काढून टाकले. किप्सला विधुर केले आणि चार वर्षांचा मुलगा दिला. हा मुलगा आठवडाअखेरीस आगगाडीने गावात येणार, एवढ्या एका गोष्टीने सगळ्या कथेला मुदत मिळते. मधला मोठा भाग किप्स झपाटलेल्या घरात एकटा असतो, संवाद जवळजवळ नाहीत. तिथे मेणबत्ती, बंद दार आणि आपोआप हलणारी झुलती खुर्ची हीच पटकथा. कादंबरीतल्या घोडागाडीच्या अपघाताऐवजी शेवट रेल्वेफलाटावर होतो: मुलगा रुळांवर उतरतो, बाप त्याच्यामागे उडी घेतो आणि दोघेही मरतात.