यझ्द

यझ्द : मध्य इराणमधील वाळवंटी शहर व त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सु. १,२०० मी. उत्तरेला दश्त-ए-कवीर हे खारे वाळवंट, आग्नेयेला दश्त-ए-लूत आणि नैर्ऋत्येला ४,००० मी.हून उंच शीरकूह पर्वत. पाऊस वर्षाला जेमतेम ६० मिमी.; कोकणात एवढा आषाढातल्या एका दुपारीही पडतो. शहराचे नाव अवेस्ता या झरतुष्ट्री धर्मग्रंथातील ‘यझत’ (पूज्य) या शब्दाशी जोडले जाते. संस्कृतातला ‘यजत’ त्याचाच भाऊ.

यझ्द जगले ते कनातींवर. कनात म्हणजे जमिनीखालून खोदलेला मंद उताराचा बोगदा. डोंगरपायथ्याशी ‘मादर चाह’, म्हणजे आईविहीर, खणून भूजल गाठायचे आणि पंप किंवा मोटेशिवाय, नुसत्या उतारावर ते गावापर्यंत आणायचे. वाटेत ठरावीक अंतरावर हवेसाठी व गाळ काढण्यासाठी विवरे असतात. यझ्दजवळची झार्च कनात ७० किमी.हून लांब आहे. पाण्याची वाटणी ‘मीराब’ करी : भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक पाळी संपली. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर याच कुळातली. इराणी कनातींना २०१६ मध्ये व यझ्दच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

जुनी घरे मातीची, गल्ल्या अरुंद, कित्येक छताने झाकलेल्या. घरांवरचे बादगीर (वारा पकडणारे मनोरे) वरची झुळूक खाली खेचतात. वारा पडला असेल तर तेच धुराड्यासारखे काम करून गरम हवा बाहेर सोडतात. यझ्दमधल्याच दौलताबाद बागेतला बादगीर सु. ३३ मी. उंच आहे.

यझ्द हे झरतुष्ट्री धर्माचे जुने आश्रयस्थान. येथील आतश बेहरामची (सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिराची) वास्तू भारतातील पारशांच्या मदतीने १९३४ मध्ये उभी राहिली. आतला अग्नी मात्र इ. स. ४७०च्या सुमारापासून तेवत असल्याची परंपरा आहे. झरतुष्ट्र्यांवरील जिझिया १८८२ मध्ये रद्द झाला, त्यामागे भारतातून इराणात गेलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांची अनेक वर्षांची खटपट होती. यझ्द आणि केरमानच्या खेड्यांतून एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत मुंबई-पुण्याला आलेले लोक म्हणजेच आपले ‘इराणी’. बन-मस्का आणि चहाची कोपऱ्यावरची हॉटेले त्यांची.

खाण्यात यझ्दची ख्याती मिठाईची. ‘कोत्ताब’ हे बदाम-वेलचीचे सारण भरून तळलेले व पिठीसाखरेत घोळवलेले छोटे गोळे. सारणाच्या गोडव्यामुळे करंजीची आठवण येते. ‘पश्मक’ म्हणजे साखरेच्या तंतूंची लोकर (पश्म = लोकर); सोनपापडी खाल्लेल्याला ते परके वाटणार नाही. वेलची व गुलाबपाणी घातलेले छोटे केक तर ‘केक यझ्दी’ म्हणूनच इराणभर ओळखले जातात. तिखटमिठाच्या बाजूला ‘आश-ए-शोली’ : पीठ लावून दाट केलेले, बीट, पालेभाजी व मसुराचे, सिरक्याने आंबट झालेले सूप. मोहरममध्ये शोकसभांतून ‘कहवे यझ्दी’ देतात. चहाच्या देशातली ही कॉफी, तीही गुलाबपाणी, वेलची आणि साखर घालून उकळलेली.