कुत्र्या-मांजराला विमानाने परदेशी नेताय? आधी त्याचं नाक बघा

आमच्या चिकू कुत्र्याला पुण्याहून जर्मनीला आणून आता दीड वर्ष होईल, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा मेसेज येतो, की आम्ही लंडनला शिफ्ट होतोय, मुलीला कॅनडात जॉब लागलाय, घरात कुत्रा आहे, मांजर आहे, काय करायचं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, विमानाच्या पोटात हवा असते का हो, गारठून जाणार नाही ना तो? ही भीती मलाही होती, कित्येक रात्री झोप लागली नव्हती. पण जसजसं वाचत गेलो आणि व्हेटशी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांशी, बोललो तसं कळलं की आपण चुकीच्या जागी घाबरतोय. वर आकाशात धोका कमी आहे, जमिनीवर जास्त आहे, आणि सगळ्यात जास्त त्या जनावराच्या स्वतःच्या शरीरात आहे.

आधी ते विमानाचं पोट. प्रवासी विमानात खाली ज्या भागात प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब वर आपण बसतो तेवढाच असतो, आणि त्या भागाचं तापमानही राखलं जातं. खाली जिवंत प्राणी आहे हे पायलटला कागदावर कळवलेलं असतं. दाब साधारण 6000 ते 8000 फुटांवर असतो तसा ठेवतात, म्हणजे सिमल्याच्या आसपासची उंची धरा. 8000 फुटांवर दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच असतो. धडधाकट कुत्रा ते आरामात निभावतो. पण ज्याच्या हृदयाची झडप गळतेय, किंवा ज्याला जुना फुफ्फुसाचा त्रास आहे, अशा म्हाताऱ्या कुत्र्याला तेच नऊ-दहा तास फार जड जाऊ शकतात, म्हणून वय झालेल्या जनावराचं हृदय तिकीट काढायच्या आधी तपासून घ्यायचं, नंतर नाही. आणखी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. फ्रोझन मालाबरोबर ड्राय आइस जातो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्याचा हळूहळू वायू होतो, हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, त्यामुळे प्राण्याचा क्रेट (प्रवासाचा पिंजरा) ड्राय आइसच्या जवळ ठेवायचा नसतो. बुकिंग करताना हे बिनधास्त विचारा.

आता जमिनीवर या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांना येतो तेवढाच. तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करून. पण हवाच दमट असेल तर वाफ होणार कशी? आणि बंद क्रेटमध्ये तर त्याच्याच श्वासाने हवा आणखी दमट होते. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 38 ते 39 अंश, 41 च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात, मध्ये जागा फार थोडी आहे. अमेरिकेतल्या नियमात म्हणूनच लिहिलंय की टर्मिनलवरून विमानापर्यंत नेताना कुत्र्या-मांजराला 29.5 अंशांच्या वर 45 मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आणि आपल्याकडे? मे महिन्यात मुंबईत रात्री दोन वाजतासुद्धा 28 च्या आसपास आणि घामट असतं, आखातातल्या विमानतळावर उन्हाळ्यात दुपारी चाळिशीच्या वर. विमान लेट झालं, गाडी डांबरावर उभी राहिली, तर खरा धोका तिथे आहे. आम्ही म्हणून चिकूला जानेवारीत आणलं आणि मुंबई-फ्रँकफर्ट थेट, मध्ये कुठेही उतरवलं नाही. तिकीट महाग पडलं, पण त्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आणि नाक. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर, ही सगळी चपट्या तोंडाची मंडळी. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्यांची कवटी आखूड केली, पण आतला मऊ भाग त्या मानाने कमी झाला नाही, त्यामुळे टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, काहींची श्वासनलिकाही बारीक. पग घोरतो ते आपल्याला गोड वाटतं, पण ते श्वास अडकण्याचं लक्षण आहे. असा कुत्रा उकाड्यात किंवा भीतीने जोरजोरात धापा टाकायला लागला की त्या कष्टानेच अंग आणखी तापतं, घशाला सूज येते, सुजेने वाट आणखी अरुंद होते, मग तो आणखी जोर लावतो, आणि खाली होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटात, हे बघायला शेजारी कोणीच नसतं. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2010 मध्ये आकडे दिले होते, मे 2005 पासूनच्या पाच वर्षांत विमानात कार्गोमधून जाताना 122 कुत्रे दगावले, त्यातले साधारण निम्मे चपट्या नाकाचे, एकट्या इंग्लिश बुलडॉगचे 25 आणि पगचे 11. तिकडे वर्षाला 20 लाखांहून जास्त प्राणी विमानाने जातात, त्या हिशेबात 122 हा आकडा छोटाच आहे हे मान्य, पण धोका सगळ्यांमध्ये सारखा विभागलेला नाही, मोजक्या जातींवर येऊन साचलाय. कित्येक एअरलाइन्स आता या जातींना होल्डमध्ये घेतच नाहीत. ठाण्याच्या एका कुटुंबाने मला मागच्या महिन्यात त्यांच्या नऊ वर्षांच्या पगबद्दल विचारलं, मी स्पष्ट सांगितलं, नेऊ नका, साताऱ्याला आजी आहे ना, तिच्याकडे राहू दे. ताई फोनवर रडल्या. मलाही वाईट वाटलं, तरी आजही मी तेच सांगेन.

"मग झोपेची गोळी देऊन पाठवू का?" हा पुढचा प्रश्न. नाही, अजिबात नाही. एसप्रोमाझीनसारखी औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब पडतो, तापमान सांभाळायची शरीराची ताकद कमी होते, आणि गुंगीतला कुत्रा क्रेट हलला की स्वतःला सावरू शकत नाही. एअरलाइन्स गुंगीतलं जनावर बहुतेक वेळा घेतच नाहीत. 2002 मध्ये कॅनडात बीगल कुत्र्यांना विमानातून नेऊन अभ्यास झाला होता, त्यात त्यांच्या हृदयाचे ठोके सगळ्यात वाढलेले दिसले ते चढवताना आणि उतरवताना, आणि हे औषध दिल्याने ताणात फरक पडला नाही. म्हणजे परत तेच, जमीन.

ताण कमी करायचा उपाय एकच, क्रेटची सवय, आणि तीही दोन-तीन महिने आधीपासून. दार काढून क्रेट हॉलमध्ये ठेवून द्या, जेवण त्यातच द्या, आपला वापरलेला टीशर्ट आत टाका. चिकू शेवटी शेवटी दुपारची झोप त्यातच काढायचा. आत उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं पाहिजे, चपट्या नाकाच्या जातीला याहून मोठा क्रेट लागतो. वाटीतलं पाणी आधी फ्रीजरमध्ये गोठवा म्हणजे सांडत नाही, हळूहळू वितळतं. आणि दाराला बोल्ट, झिप टाय नीट लावा. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जॅक नावाचं मांजर क्रेटमधून निसटलं, मालकीण कॅलिफोर्नियाला शिफ्ट होत होती, दोन महिन्यांनी सापडलं तेव्हा इतकं खंगलं होतं की वाचलं नाही.

कागदपत्रांना लोक वैतागतात, पण त्यांच्यामागे सरळ जीवशास्त्र आहे. युरोपसाठी आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस (हा क्रम उलटा झाला तर लस धरतच नाहीत), लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन त्यात अँटिबॉडी 0.5 युनिटच्या वर आहेत का ते बघतात, आणि त्यानंतर आणखी तीन महिने थांबायचं. लोक विचारतात की टेस्ट पास झाली तरी तीन महिने कशाला. कारण टेस्ट फक्त एवढंच सांगते की लस लागू पडली. लसीच्या आधीच कुत्रा कुठे चावून घेऊन आला असेल तर विषाणू नसांमधून मेंदूपर्यंत जायला आठवडे, कधी महिने घेतो, आणि तोवर कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. ते तीन महिने त्यासाठी. ब्रिटनलाही हीच वाट आहे आणि तिथे प्राणी कार्गो म्हणूनच उतरवावा लागतो. अमेरिकेने ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केलेत, कुत्रा सहा महिन्यांच्या वर आणि चिप असलेला हवा, आणि भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्यामुळे इथे लस घेतलेल्याची रक्ताची टेस्ट नसेल तर 28 दिवस क्वारंटाइन. ऑस्ट्रेलियाला तर भारतातून थेट नेताच येत नाही, आधी त्यांच्या यादीतल्या देशात न्यायचं, तिथे तयारी पूर्ण करायची, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमला किमान 10 दिवस क्वारंटाइन. व्हिसा आल्यावर धावपळ करून हे होत नाही, वर्षभर आधी लागा.

मांजरवाल्यांनो, तुमचं थोडं वेगळं आहे. मांजर प्रवासात दंगा करत नाही, ते गप्प बसतं आणि खाणं सोडतं, आणि आपल्याला वाटतं शहाणं आहे. लठ्ठ मांजराने काही दिवस काहीच खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात भरते आणि यकृतच बसतं. बोक्यांची ताणाने लघवी तुंबते, ती तर तासांची इमर्जन्सी आहे. पोचल्यावर पहिले दोन दिवस किती खाल्लं, लघवी झाली का, हे लिहून ठेवा, सामान नंतर उघडा. बोका लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये, पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय आणि काहीच होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, आणि रात्री उघडा असणारा व्हेट त्या नव्या गावात कुठे आहे ते इथून निघायच्या आधीच शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.