पाते, दांडा आणि पाचर: कुऱ्हाड अशी का घडली?

कुऱ्हाड निवडताना नजर आधी धारेवर जाते. पण या अवजाराचा इतिहास घडला तो पाते आणि दांडा यांच्या सांध्यात, आणि आजही कुरकूर तिथूनच सुरू होते.

सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडींना दांडाच नव्हता. त्या मुठीत धरायच्या. दांडा फार उशिरा आला. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’ या गोठलेल्या मृतदेहाजवळची कुऱ्हाड सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची आहे. साडेनऊ सेंटिमीटरचे, जवळजवळ शुद्ध तांब्याचे पाते; यू झाडाच्या लाकडाचा साधारण ६० सेंटिमीटरचा दांडा. पाते खाचेत बसवून बर्चच्या सालीपासून काढलेल्या डांबराने चिकटवले होते आणि वरून चामड्याची पट्टी आवळली होती. अशा बांधणीत प्रत्येक घावाला पाते मागे रेटले जाते आणि पाचरीसारखे दांड्यालाच चिरू पाहते. म्हणून कांस्ययुगात पात्यावर अटकाव करणारी आडवी कड आली, मग दांडा आत शिरेल अशी पोकळ खोबण.

पात्याला आरपार भोक हा उपायही जुनाच, पण तो रुळला लोखंडाबरोबर. लोहार मऊ लोखंडाची पट्टी दुमडून भोक साधायचा आणि धारेच्या जागी पोलादाचा तुकडा तापवून जोडायचा. पोलाद महाग होते हे खरेच, पण भोकाभोवतीचा भाग मऊ राहिल्याने तो तडकतही नसे. अठराव्या शतकात अमेरिकेत धारेमागचा माथा जड झाला. तोल दांड्याच्या रेषेत आला आणि घाव डगमगेनासा झाला.

हा मऊ भाग आजही जपावा लागतो. माथ्याने ओंडका फोडायची पोलादी पाचर ठोकली की भोकाच्या भिंती फाकतात, आणि मग कोणताही दांडा घट्ट बसत नाही.

दांडा घेताना त्याचे टोक पाहा: लाकडाच्या रेषा धारेला समांतर हव्यात, आडव्या असतील तर तो मोडतो. पाते ढिले झाले तर पाण्यात भिजवण्याची जुनी सवय मात्र घातक. लाकूड फुगते, पण लोखंडी भिंतींमुळे त्याचे तंतू चेंगरतात. वाळल्यावर ते आधीपेक्षा लहान होते. त्याऐवजी कुऱ्हाड पाते खाली करून अधांतरी धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोका. जड पाते जागीच राहते, दांडा त्यात उतरतो. मग भोकात बसलेल्या दांड्याच्या टोकात नवी पाचर मारा आणि त्या टोकाला जवसाचे तेल मुरवा.

धारेसाठी पूर्वी ओली फिरती सहाण वापरत, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. कोरड्या ग्राइंडरवर धार निळी पडली, तर तेवढा भाग मऊ झालेला असतो. कानशीने तो पूर्ण काढूनच दगडावर पुन्हा धार लावावी लागते.