आल्प्समध्ये स्वतः गाडी चालवायची आहे? बुकिंग करण्याआधी हे वाचा

ग्रुप टूरच्या बसमध्ये बसायचं नाही, युरोपात गाडी भाड्यानं घेऊन आपल्या मनानं फिरायचं आहे, असं म्हणत येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आम्ही तयार पॅकेज विकत नाही. तुमच्या तारखा, बरोबरची माणसं आणि खिसा पाहून मार्ग आखून देतो. हॉटेल, गाडी, केबल कार यांचं बुकिंग तुमच्याच नावावर आणि तुमच्याच कार्डावर होतं. तिकडे दंड झाला तरी तो तुमच्याच नावावर येतो, म्हणून पुढची पानं जरा सावकाश वाचा.

पहिल्या भेटीत बहुतेकांच्या हातात एक यादी असते: पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, दोन आठवडे, भाड्याची गाडी. ही यादी रेल्वेची आहे, गाडीची नाही. पॅरिसमध्ये किंवा ॲमस्टरडॅममध्ये गाडी म्हणजे विकतचा मनस्ताप. व्हेनिसला तर रस्ताच पियाझाले रोमापाशी संपतो. गाडी तिथल्या गॅरेजात ठेवायची आणि पुढे चालत नाहीतर बोटीनं जायचं. शिवाय एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची म्हटली की कंपनी वेगळा आकार लावते, आणि तो कधीकधी भाड्याच्याही वर जातो. म्हणून आमचा आग्रह असा: शहरं रेल्वेनं करा, गाडी डोंगरासाठी घ्या, आणि जिथे घेतली तिथेच परत करा.

नमुन्यादाखल एक मार्ग

जून ते सप्टेंबर या काळासाठी आम्ही सर्वांत जास्त सुचवतो तो मार्ग म्युनिकला सुरू होतो आणि म्युनिकलाच संपतो. म्युनिकहून बेर्खटेसगाडेन, तिथून ऑस्ट्रियात झेल आम झे, ग्रॉसग्लॉकनरचा घाट चढून पलीकडे लिएन्झ, मग इटलीतले डोलोमाइट्स डोंगर, येताना ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुक, फ्युसेन आणि परत म्युनिक. तीन देश, एक गाडी, दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचा आकार नाही. स्वित्झर्लंड यात मुद्दाम घेतलेलं नाही. तिकडचा महामार्गाचा स्टिकर, म्हणजे व्हिनिएट, वर्षाचाच मिळतो आणि त्याला ४० फ्रँक पडतात. आणि स्वित्झर्लंडच्या रेल्वे इतक्या चोख आहेत की तिथे गाडी हवीच असं नाही. झेरमाटला तर पेट्रोल-डिझेलची खासगी गाडी जातच नाही, ती खाली टेश गावात ठेवून रेल्वेनंच वर जावं लागतं.

बेर्खटेसगाडेनला दोन रात्री पुरतात. क्योनिगझे तलावावर १९०९ पासून विजेच्या बोटी चालतात. सकाळची पहिली-दुसरी बोट धरा. अकरानंतर वाहनतळावर जागा शोधण्यातच वेळ जातो.

ग्रॉसग्लॉकनर हा या सहलीचा खरा दिवस. १९३५ साली खुला झालेला हा रस्ता ४८ किलोमीटरचा, ३६ वळणांचा आहे. होखटोर खिंडीत तो २,५०४ मीटरवर पोहोचतो, म्हणजे कळसूबाईच्या दीडपटीहून उंच. टोल एका गाडीला ४० युरोच्या वर आहे. ऐकून लोक दचकतात, पण तोच टोल दिवसभर चालतो आणि आतले फाटे त्यातच येतात. त्यातला फ्रान्झ योसेफ्स ह्योअचा फाटा चुकवू नका, समोर पास्टेर्झ हिमनदी दिसते. रस्ता साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो आणि रात्री बंद करतात. आदल्या दिवशी बर्फ पडला तर जुलैतही काही तास थांबवतात, म्हणून या दिवसाला आम्ही पुढेमागे एक मोकळा दिवस ठेवतो. ज्यांनी पावसाळ्यात आंबेनळी घाट चालवला आहे त्यांना इथली वळणं जड जाणार नाहीत. त्रास होतो तो उतरताना, सतत ब्रेकवर पाय ठेवल्यानं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिलाही हातानं खालचा गिअर लावता येतो. तो कसा लावायचा हे घाटात नव्हे, गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्या.

डोलोमाइट्समध्ये मात्र मुक्काम हलवू नका. चार रात्री एकाच गावात राहा, रोज वेगळ्या दिशेला जा आणि संध्याकाळी परत या. बोल्झानो ते कोर्टिना हा डोलोमाइट्सचा जुना रस्ता नकाशावर जेमतेम ११० किलोमीटर दिसतो, पण वाटेत तीन खिंडी आहेत, त्यातली पोर्दोई २,२३९ मीटरवर. सायकलवाले, मोटरसायकलवाले, फोटोसाठी थांबणं हे सगळं धरलं की दिवस जातो. हा भाग पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला, त्यामुळे प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं आहेत. बोत्सेन म्हणजेच बोल्झानो, टोब्लाख म्हणजेच डोब्बियाको. हॉटेलच्या पावतीवर एक आणि पाटीवर दुसरं दिसलं तर गडबडू नका.

गर्दीच्या जागांना आता आधी नोंदणी लागते. ब्राइएस तलावाकडे भर उन्हाळ्यात दिवसाच्या वेळी गाडी न्यायची तर ऑनलाइन आरक्षण हवं. त्रे चीमे या तीन सुळक्यांच्या पायथ्याच्या टोल रस्त्याचंही आता तसंच आहे. आल्पे दि सिउझीच्या पठारावर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, केबल कारनं जावं लागतं. या भागातली बरीचशी हॉटेलं पाहुण्यांना स्थानिक बस-रेल्वेचा पास फुकट देतात. तो मिळत असेल तर ब्राइएसला बसनंच जा. गाडी चालवणाऱ्यालाही एखादा दिवस खिडकीबाहेर बघू द्या.

व्हिसा कुठल्या देशाचा?

तिन्ही देश शेंगेन गटातले, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच व्हिसा. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. वरच्या मार्गात जर्मनीत पाच, ऑस्ट्रियात चार, इटलीत चार रात्री धरल्या तर अर्ज जर्मनीकडे जातो. पण फ्युसेनची एक रात्र काढून डोलोमाइट्सला वाढवली, की इटलीच्या पाच होतात, जर्मनीच्या चार, आणि अर्जाचं दारच बदलतं. म्हणून 'आधी व्हिसा काढू, मग ठरवू' हे गाडीच्या सहलीत चालत नाही. मार्ग पक्का, मग हॉटेलं, मग अर्ज.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये हलायला लागा. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पोहोचल्यावर रांगेसाठी वेळ हाताशी ठेवा.

परवाना आणि काउंटर

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडूनच मिळतो. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. इंटरनेटवर 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' घरपोच देणाऱ्या साइट्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका. तो कागद शोभेचा असतो. मूळ भारतीय लायसन्स बरोबर हवंच, कारण त्याच्याशिवाय या परवान्याला अर्थ नाही.

गाडीच्या काउंटरवर सर्वांत जास्त अडतं ते क्रेडिट कार्डापाशी. मुख्य चालकाच्या नावाचं, नाव ठळक उठलेलं क्रेडिट कार्ड लागतं, कारण त्यावर डिपॉझिट अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड, मेहुण्याचं कार्ड यांपैकी काही चालेल अशा भरवशावर जाऊ नका. कार्डाची परदेशी व्यवहारांची मर्यादा निघण्याआधी वाढवून घ्या. गाडी ऑस्ट्रिया-इटलीत नेणार हे बुकिंगमध्येच लिहिलेलं हवं. ऑटोमॅटिक हवी असेल तर तीही आधीच मागा, नाहीतर हातात मॅन्युअल येते आणि गिअर असतो उजव्या हाताला.

विमा विकताना काउंटरवरचा माणूस तुम्हाला थोडं घाबरवणार, ते त्याचं काम आहे. मूळ भाड्यात विमा असतोच, पण नुकसानीची पहिली काही रक्कम तुमच्या माथी असते. ती शून्यावर आणणारं संरक्षण बुकिंग करतानाच घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. काच, टायर आणि गाडीचं पोट त्यात येतं का, तेवढं वाचा. गाडी ताब्यात देताना एका कागदावर गाडीचं चित्र असतं आणि जुने ओरखडे फुल्यांनी दाखवलेले असतात. तो कागद हातात धरून गाडीभोवती फिरा. चाकांच्या कडा वाकून पाहा, कारण फुटपाथला घासलेल्या कडांचे पैसे हमखास लावतात. जो ओरखडा कागदावर नाही तो लिहून घ्या आणि चालू व्हिडिओ काढा. भाडं २४ तासांच्या हिशेबानं असतं: सकाळी दहाला घेतलेली गाडी साडेअकराला परत केली तर आणखी एक दिवस लागू शकतो.

आजी-आजोबांसकट सहा जण असाल तर सात आसनी गाडी पुरत नाही. मागची रांग उघडली की डिकी संपते आणि चार मोठ्या बॅगा कुणाच्या मांडीवर, हा प्रश्न उरतो. नऊ आसनी व्हॅन साध्या कार लायसन्सवर चालवता येते, ती घ्या. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी सीट किंवा बूस्टर आधीच सांगून ठेवा.

पहिला दिवस

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नका. विमानतळावरून लोकल रेल्वेनं शहरात जा, झोपा, फिरा. गाडी नंतर घ्या, जमल्यास रविवारी सकाळी विमानतळावरून. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत अवजड ट्रकना बंदी असते. उजव्या बाजूनं चालवायची सवय करायला यापेक्षा मोकळा रस्ता मिळणार नाही. फक्त रविवारी तिकडची किराणा दुकानंही बंद असतात, खाण्याचं सामान शनिवारीच भरा.

पहिले दोन दिवस इंडिकेटर द्यायला गेलात की वायपर हलेल, कारण दांड्या उलट्या बाजूला असतात. ते हसण्यावारी जातं. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर, पंपातून किंवा हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना, जेव्हा समोर अनुकरण करायला दुसरी गाडी नसते आणि हात आपसूक डाव्या बाजूला जातो. शेजारी बसलेल्यानं प्रत्येक वेळी मोठ्यानं 'उजवीकडे' म्हणायचं, चालवणाऱ्यानं चिडायचं नाही.

ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या महामार्गावर, डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. उजवीकडून ओव्हरटेक करणं जर्मनीत गुन्हा आहे. वाहतूक तुंबली की सगळ्यात डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकतात आणि मधे रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवतात. रुग्णवाहिका दिसण्याची वाट न पाहता. पाटी नसलेल्या गल्लीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.

टोल, कॅमेरे, दंड

जर्मनीत गाड्यांना टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना व्हिनिएट लागतो. दहा दिवसांचा साडेबारा युरोच्या आसपास मिळतो. तो सीमेच्या आधी पंपावर किंवा गाडीच्या नंबरावर ऑनलाइन घ्या. विसरलात तर दंड शंभर युरोच्या वर. ब्रेनरच्या महामार्गाचा टोल याहून वेगळा, तो व्हिनिएटमध्ये धरलेला नाही. तिथल्या लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ पासून वाहतूक बरेच दिवस एकेका लेनवर चालते, तेव्हा शनिवारी ब्रेनर ओलांडायचं टाळा. इन्सब्रुकच्या आसपास हवेच्या प्रदूषणापायी महामार्गाला १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे कडक आहेत.

इटलीत नाक्यावर यंत्रातून तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे द्यायचे. 'टेलेपास' लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये शिरू नका, ती आपल्या फास्टॅगसारखी आहे आणि भाड्याच्या गाडीत ते यंत्र सहसा नसतं. चुकून शिरलात तर उलटं मागे येऊ नका. मदतीचं बटण दाबा, नोंदीची पावती घ्या आणि पैसे नंतर भरा.

सर्वांत महाग पडतो तो इटालियन शहरांचा जुना भाग. 'झेड-टी-एल' असं लिहिलेली, लाल कडेच्या पांढऱ्या गोलाची पाटी दिसली की तिथे रहिवाशांखेरीज गाड्यांना मनाई आहे. अडवायला पोलीस नसतो, फाटक नसतं, फक्त कॅमेरा असतो. आणि गूगल मॅप्स कधीकधी सरळ आत नेतो. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा नंबर आधी कळवून परवानगी घेता येते. नाहीतर दंड काही महिन्यांनी घरी येतो, आणि तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याबद्दल गाडीची कंपनी वेगळे पैसे कापते, ते निराळेच.

पार्किंगमध्ये इटलीत निळ्या रेषा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे राखीव. जर्मनीत काही जागी गाडीतली निळी तबकडी काचेमागे ठेवावी लागते. तिच्यावर पोहोचल्यानंतरचा पुढचा अर्धा तास लावायचा, म्हणजे ४:१० ला आलात तर साडेचार.

पंपावर डिझेलला इटलीत 'गाझोलियो' म्हणतात आणि 'बेन्झीना' म्हणजे पेट्रोल. झाकणावरचं चिन्ह जुळवा: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन.

खाणं

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ घरीच ठेवा. मेतकूट, चटण्या, चिवडा, पोहे, डाळ-तांदूळ खुशाल न्या. आम्ही शक्यतो स्वयंपाकघर असलेली घरं पाहतो. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा न्या. हॉटेलात 'क्न्योडेल', म्हणजे उकडलेले गोळे, मागवताना 'श्पेक' नाही ना, हे विचारा, कारण श्पेक म्हणजे डुकराचं मांस. अंडं चालत नसेल तर तेही आधीच सांगा. तिकडे अंडं शाकाहारीच धरतात. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

अडचण आली तर आपत्कालीन क्रमांक तिन्ही देशांत ११२.

पहिल्या भेटीला येताना

सगळ्यांचे पासपोर्ट, आधीचे शेंगेन व्हिसे असतील तर त्यांच्या प्रती, चालवणाऱ्यांची लायसन्सं, आणि रजेच्या तारखा घेऊन या. गाडी एकच जण चालवणार की दोघं, घाटात कुणाला उलटी होते, कुणाचे गुडघे दुखतात आणि कुणाला दुपारी वामकुक्षी लागते, हेही सांगा. रोजचे किलोमीटर आम्ही त्यावरून ठरवतो.