मोबाइल वीज ओढून घेतो?

ऑक्टोबर आला की ठाण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘डोंगरावर गडगडलं की मोबाइल बंद करा, त्याच्या लहरी वीज ओढतात.’ हे साफ चुकीचं आहे. मोबाइलच्या लहरींनी वीज खेचली जात नाही. ती शोधते उंची, टोक आणि मोकळी जागा. धोका तारेच्या फोनला होता, कारण बाहेर पडलेली वीज तारेतून घरात येऊ शकते.

पहाटेची कसारा लोकल पकडून एकट्याने कळसूबाईला जाणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते. 1646 मीटरचा उघडा माथा आणि वाटेत लोखंडी शिड्या. शिडीच्या टोकाला वीज पडली, तरी धक्का खाली कठड्याला धरलेल्या हातापर्यंत पोचतो. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी वेळ जात असेल, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. शिड्यांच्या खाली असाल तर तिथूनच मागे फिरा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढू नका.

आणि फोन चालूच ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, आणि पाय मुरगळला तर 112 लावायला सोबत दुसरं कुणी नसतं.