कोल्हापूर : शहरवाढ आणि पर्यावरण

शहराची वस्ती आणि बांधकाम वाढत गेल्याने कोल्हापूरची नदी, तळी, ओढे, नदीकाठची मळी (पुराच्या गाळाची जमीन) आणि हवा यांच्यात जो बदल झाला, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. कोल्हापूर हे सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, पंचगंगेच्या काठी वसलेले शहर. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि लुप्त मानलेली सरस्वती यांचा संगम शहराच्या वर प्रयाग चिखलीला होतो. तेथून पुढे पंचगंगा म्हणून वाहणारी नदी शहराला वळसा घालून इचलकरंजीवरून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहरात पाऊस बेताचा, पण पश्चिमेला गगनबावड्याकडे तो शहराच्या कित्येक पट पडतो. घाटात पडलेले हे पाणी शहराच्या दारावरूनच जाते, त्यामुळे कोल्हापुरात पर्यावरणाचा कोणताही प्रश्न काढला तरी तो शेवटी पाण्यावर येतो.

१९०१ मध्ये शहराची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती ५,४९,२३६ भरली. एकशे दहा वर्षांत दहापट ही वाढ मोठी खरी, पण पुणे किंवा नाशिकच्या तुलनेत ती फारच संथ आहे. २००१ मध्येही शहराची लोकसंख्या पाच लाखांना थोडी कमीच होती. म्हणजे केवळ 'माणसे वाढली' एवढ्यावर इथली हानी उलगडत नाही. माणसे किती आली यापेक्षा ती कुठे बसली, घर बांधताना कोणता ओढा अडला, कोणते तळे बुजले आणि सांडपाणी कुठे सोडले गेले, हे प्रश्न कोल्हापुरात जास्त महत्त्वाचे आहेत.

वाढीची दिशा

जुने कोल्हापूर अंबाबाईच्या देवळाभोवती, पेठांमध्ये आणि तालमींच्या आसऱ्याने वाढले. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली. शहर त्यामुळे पूर्वेला सरकू लागले. पुढे शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. फाउंड्री आणि मशीनशॉप यांनी हजारो हातांना काम दिले आणि कामामागे वस्ती आली.

१९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर होती आणि पुढची पाच दशके ती तेवढीच राहिली. हद्दवाढीचा वाद कोल्हापूरकरांना नवा नाही. घरफाळा वाढेल आणि शेतीवर आरक्षणे पडतील या धास्तीने गावांनी विरोध केला, तर निधी आणि योजना मिळत नाहीत म्हणून शहराने मागणी लावून धरली. या ओढाताणीत शहर हद्दीबाहेर वाढतच राहिले. उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, शिंगणापूर या गावांच्या रानात प्लॉट पडले. नोकरी शहरात आणि घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत, अशी हजारो कुटुंबे आहेत. ग्रामपंचायतीकडे ड्रेनेज नाही, शोषखड्डे भरले की पाणी गटारात जाते, गटार ओढ्याला मिळते आणि ओढा उतारानुसार पुन्हा शहरात येतो. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले, पण तोवर बरीचशी रचना हाताबाहेर गेली होती. कागदावरची हद्द न वाढवल्याने शहर थांबत नाही, हे पाचगाव-कळंब्याच्या रस्त्यावरून एकदा फिरले तरी कळते.

तळी

कोल्हापूर हे एकेकाळी तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थ बुजवले गेले आणि तिथे गांधी मैदान झाले. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई भरते. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागेवर शाहू स्टेडियम उभे राहिले. अंबाबाईच्या देवळातले मणिकर्णिका कुंडही बुजवून वर बाग आणि स्वच्छतागृह केले होते. ते अलीकडे पुन्हा उकरून मोकळे करण्यात आले. कोटितीर्थ, राजाराम तलाव, कळंबा आणि रंकाळा ही तळी राहिली.

तळी बुजवणाऱ्यांना दोष देताना त्या काळाचा विचारही करावा लागतो. साचलेले पाणी म्हणजे डास आणि हिवताप, असे समीकरण होते. खेळायला मैदान आणि विकायला मंडई हवी होती. पण तळे हे नुसते पाणी साठवण्याचे भांडे नव्हते. आजूबाजूच्या उतारावरचे पावसाचे पाणी तिथे थांबे, मुरे आणि पेठांतल्या आडांना झरे फुटत. तळे गेले तरी उतार तसाच राहिला. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही गुडघाभर पाणी साचते, कारण पाणी आपल्या जुन्या जागेवरच येते. पंप लावून ते उपसतात आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच होते.

रंकाळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो कोणी बुजवला नाही. संध्यामठ, शालिनी पॅलेस आणि संध्याकाळी फिरायला येणारी गर्दी यांमुळे तो शहराचा लाडका राहिला. मात्र त्याच्या पाणलोटात वसाहती झाल्या आणि श्याम सोसायटी, सरनाईक वसाहत, देशमुख हॉल आणि परताळा या बाजूंनी नाले तळ्यात येऊ लागले. घराघरांतल्या सांडपाण्यातून आणि साबण-डिटर्जंटमधून नायट्रोजन आणि फॉस्फरस आले. हे घटक शेतात खत ठरतात, पण तळ्यात शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. जलपर्णीने एका काळी रंकाळा काठापासून काठापर्यंत झाकून टाकला होता. ती काढायला शहरातली माणसे पाण्यात उतरली. नंतरच्या वर्षांत निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर आला. पाण्याला रंग आणि उग्र दर्प आला, फिरायला येणारे नाकाला रुमाल लावू लागले. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच खर्च करते, आणि मेले की कुजताना उरलेलाही शोषून घेते. मासे मेल्याचे बहुधा पहाटे दिसते ते त्यामुळे. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला आणि नाले अडवून सांडपाणी दुधाळी नाल्याकडे वळवण्याची कामे झाली. पाण्याची प्रत सुधारलीही. पण पावसाळ्यात नाले भरले की वळवलेले पाणी बांध ओलांडून पुन्हा तळ्यात शिरते. जोवर वरच्या वसाहतींचे ड्रेनेज पूर्ण जोडले जात नाही, तोवर तळ्याच्या काठावर खर्च करून फार उपयोग नाही.

जयंती नाला आणि पंचगंगा

आज जिला जयंती नाला म्हणतात, ती मुळात नदी होती. कळंबा-कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी गोमतीला घेऊन शहराच्या मधून पंचगंगेला मिळे. आता त्या वाटेने शहराचे सांडपाणी वाहते. ते उपसून कसबा बावड्याच्या ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते. दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे दुसरे केंद्र आहे. वीज गेली, पंप बिघडला किंवा पाऊस जोराचा झाला की मैलामिश्रित पाणी थेट नदीत जाते. हद्दीबाहेरच्या गावांचे पाणी तर केंद्रापर्यंत पोचतच नाही.

नदीत पुढे काय होते, हे समजायला कोल्हापुरी बंधारा पाहावा लागतो. या पद्धतीला देशभर कोल्हापूरचेच नाव आहे. दगडी खांबांच्या खाचांत लाकडी किंवा लोखंडी बरगे बसवतात, पावसाळा संपला की पाणी अडवतात आणि गरजेप्रमाणे बरगे काढून खाली सोडतात. ऊसशेती त्यावर उभी राहिली. मात्र स्वच्छ पाणी साठवायला बांधलेल्या या बंधाऱ्यामागे आता सांडपाणीही साठते. उन्हाळ्यात वाहते पाणी कमी असते, तळाशी गाळ कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. मग खालच्या गावांची पाण्याची मागणी येते, बरगे निघतात आणि ते काळे पाणी एकदम पुढे जाते. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसल्याच्या बातम्या येतात, त्यामागचे हे एक मोठे कारण. शहर, इचलकरंजीचे वस्त्रोद्योग, साखर कारखाने आणि नदीकाठची गावे या सगळ्यांची घाण या पाण्यात असते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पंचगंगेचे प्रदूषण त्यानंतर उच्च न्यायालयापर्यंत गेले.

पूर

पंचगंगेला पूर येणे नवे नाही. शिवाजी पुलाला 'मच्छिंद्री झाली', म्हणजे नदीचे पाणी पुलाच्या ठरावीक उंचीपर्यंत चढले, की जुने कोल्हापूरकर सावध होत. आता राजाराम बंधाऱ्यावरची पातळी मोबाइलवर तासातासाला येते : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सुतारवाड्यात पाणी शिरले की तिथल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवायचे, हा दर पावसाळ्याचा रिवाज झाला आहे.

१९८९ आणि २००५ चे पूर लोकांच्या आठवणीत आहेत. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फूट ३ इंचांवर पोचले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पाणी शाहूपुरी, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत आले. यातल्या पुष्कळ ठिकाणी ते नदीच्या काठावरून आले नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचे पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते उलटे फिरते आणि शहराच्या मध्यात चढते. नाल्याच्या काठच्या मोकळ्या जागांवर भराव टाकून इमारती उभ्या केल्यावर या उलट्या पाण्याला पसरायला रस्ते आणि तळमजलेच उरतात.

मुसळधार पाऊस आणि धरणांतून सुटलेले पाणी ही पुराची मुख्य कारणे आहेतच. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की शहरात धाकधूक सुरू होते. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे निम्मी जबाबदारी ढकलणे होय. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवर बोट ठेवले. नदीकाठची मळी ही पुराचीच जमीन. पाणी आले की ती बुडायची, गाळ बसायचा आणि पुढच्या वर्षी ऊस जोमाने यायचा. उसाचे नुकसान होई, पण घर बुडत नसे. आता त्याच जमिनीच्या गुंठ्याला उसापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. खरमातीचे डंपर रात्री रिकामे होतात, काही महिन्यांत शेत रस्त्याच्या पातळीला येते आणि त्यावर प्लॉट पडतात. भराव टाकणाऱ्याचे घर कदाचित वाचते, पण त्याच्या वाट्याचे पाणी शेजारच्या गल्लीत जाते.

जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध, अशी व्यवस्था आहे. प्रत्येक मोठ्या पुरानंतर रेषा नव्याने आखण्याची चर्चा होते आणि प्रत्येक वेळी तिच्या आत अडकलेल्या मालमत्तांचा दबाव येतो. पुनर्वसनाचे उदाहरण म्हणून प्रयाग चिखली आणि आंबेवाडीकडे पाहता येते. १९८९ च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला उंचावर जागा दिली गेली. पण शेती आणि गोठा नदीकाठी आणि घर सोनतळीत, हे जमेना. बरेच लोक जुन्या गावातच राहिले आणि २०१९ मध्ये त्यांना बोटीतून बाहेर काढावे लागले. जनावरे सोडून घर सोडायला लोक शेवटपर्यंत तयार नसतात. पुनर्वसनाचा आराखडा करताना गोठ्याचा विचार न केल्याचा हा परिणाम आहे.

हवा, कचरा आणि हिरवाई

केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांत कोल्हापूरचे नाव आहे. अरुंद पेठा, दुचाकींची दाटी आणि रस्त्यांची धूळ ही नेहमीची कारणे. रस्ते विकास प्रकल्पात रुंदीकरणासाठी जुनी झाडे गेली. त्या रस्त्यांवरचा टोल लोकांनी आंदोलन करून घालवला, पण झाडांसाठी तसे आंदोलन उभे राहिले नाही. लाइन बाजारच्या झूम या कचरा प्रकल्पात वर्षानुवर्षे साठलेल्या कचऱ्याचा डोंगर झाला आणि कसबा बावड्याच्या रहिवाशांनी त्याचा धूर सोसला.

गणेशमूर्तींच्या विसर्जनात मात्र शहराने स्वतःहून पाऊल उचलले. पंचगंगा आणि रंकाळ्याऐवजी इराणी खण (जुन्या दगडखाणीतले तळे) आणि कृत्रिम कुंडांकडे लोक वळले, मूर्तिदान आणि वेगळे निर्माल्य ही पद्धत घरोघरी रुजली. मंडळे आणि तालमी यांनी मनावर घेतले तर कोल्हापुरात गोष्ट होते, हे यातून दिसले.

थेट पाइपलाइन

शहराचे पाणी शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथे नदीतून उपसले जाई. पुरात ही उपसा केंद्रेच बुडत आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडत. काळम्मावाडी धरणातून पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीच्या पाइपने पाणी आणण्याची योजना दीर्घकाळ रखडली. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले आणि त्याचे जल्लोषात स्वागत झाले. शहराला स्वच्छ आणि भरवशाचे पाणी मिळणे ही न्याय्यच गोष्ट. पण घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नगररचनेत धरले जाते. पुरवठा वाढला की जयंती आणि दुधाळी नाल्यांवरचा भारही वाढतो. शहर आता पंचगंगेऐवजी काळम्मावाडीचे पाणी पिऊ शकते. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या पुष्कळ गावांना मात्र पंचगंगेचाच आधार आहे, आणि शहराचे सांडपाणी त्यांच्याच दिशेने वाहते.